कागद आपला, किल्ली कोणाची?



बँकेत असताना आम्ही अनेक वर्षे लॉकर सांभाळले. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. पण दागिना घरी नेल्यावर तो कधी घालावा, कोणाला दाखवावा, हे बँक ठरवत नाही. संगणकातल्या कागदपत्रांबाबत मात्र तसे राहीलच असे नाही.

२०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० असणे आवश्यक ठरले. गुप्त किल्ल्या जपणारी ही चिप मदरबोर्डवर असते किंवा ती सोय प्रोसेसरमध्येच असते. फायदा खरा आहे. बिटलॉकरने डिस्कला कुलूप घातले असेल, तर चोराला ती दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येत नाही. पण मदरबोर्ड बदलला की मालकालाही ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते. ती नसेल, तर आपलेच कागद आपल्याला बंद!

हीच चिप संगणकात कोणते सॉफ्टवेअर चालू आहे याची ग्वाही दूरच्या सर्व्हरला देऊ शकते. मग कागद उघडू द्यायचा की नाही, हे सर्व्हर ठरवू शकतो. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘पॅलेडियम’ योजना मांडली, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी हाच आक्षेप घेतला होता: संगणकाने हुकूम मालकाचा मानायचा की कंपनीचा? ती योजना त्या रूपात आली नाही, पण प्रश्न संपलेला नाही.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. अशा कुलपाला हार्डवेअरची जोड मिळाली, तर ते काढणे मालकाला आणखी अवघड होईल.

कुलपाला आमचा विरोध नाही, किल्ली मालकाकडे असावी एवढेच म्हणणे. म्हणून रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या विश्वासू माणसाकडे ठेवावी. वंशावळी, जुनी पत्रे, मंडळाची इतिवृत्ते साध्या पीडीएफमध्ये, मुदतीचे वा छपाईचे बंधन न घालता, दोन ठिकाणी जपावीत. मंडळाचे आजचे ठराव पन्नास वर्षांनीही कोणाची परवानगी न मागता वाचता आले पाहिजेत.