अग्निगोल : उल्का कीं माणसानें टाकलेलें भंगार ?

शके १९४४ ची चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे २ एप्रिल २०२२ चा शनिवार. दारोदारच्या गुढ्या उतरून फार वेळ झाला नव्हता, तोंच सायंकाळीं पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात व मध्यप्रदेश येथील असंख्य लोकांना आकाशांत एक विलक्षण देखावा दिसला. जळत्या दिव्यांची जणूं एक रांगच, पाठीमागें प्रकाशाच्या शेपट्या सोडीत, सावकाश निघून गेली. कोणी तिला उल्का म्हटलें, कोणास विमान पेटल्याचा भास झाला. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं धातूचें एक मोठें कडें आकाशांतून पडलें. त्याचा व्यास दोन-तीन मीटर, वजन सुमारें चाळीस किलोग्रॅम. आसपास धातूचे पोकळ गोळेही सांपडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. चीननें फेब्रुवारी २०२१ मध्यें उडविलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा परत येतांना जळाला असावा, असें खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनीं सांगितलें.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे उल्केचे पांच प्रकार वर्णिले आहेत. आतां त्यांत सहावा घालावयास हवा, आणि तो मनुष्याच्या हातचा आहे !

पनवेलच्या एखाद्या गच्चीवरून असा अग्निगोल दृष्टीस पडला, तर तो कोणत्या जातीचा हें कसें ओळखावें ? पहिली खूण काळाची. उल्का सेकंदास ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंत वेगानें वातावरणांत शिरते, आणि बहुधा दोन-चार सेकंदांत तिचा खेळ आटोपतो. उलट, पृथ्वीभोंवतीं फिरणारें भंगार विरळ हवेच्या घर्षणानें हळूहळू खालीं ओढलें जातें. त्याचा वेग सेकंदास आठ किलोमीटरच्या आसपास असतो, व तें जवळजवळ आडवें येतें. म्हणून तें अर्धा मिनिट, प्रसंगीं मिनिटाहूनही अधिक काळ दिसत राहतें. दुसरी खूण तुकड्यांची. सुमारें ८० किलोमीटर उंचीवर सांगाडा फुटतो आणि तुकडे एकाच वाटेनें चालूं लागतात. मोठी उल्काही फुटते. पण तिची मिरवणूक इतकी लांबत नाहीं. तिसरा संशयित म्हणजे विमान. २०२५ सालीं उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पनवेल तालुक्यांतच असल्यानें हा संशय आधीं फेडून घ्यावा. विमानाचे दिवे लुकलुकतात व त्याची घरघर मागाहून कानीं येते.

‘डोंगरापलीकडेच पडला’ हा मात्र नेहमींचा भ्रम होय. पनवेलहून जळगांव हवाई अंतरानें सुमारें ३४० किलोमीटर. तेथील माथ्यावर ८० किलोमीटर उंचीवर जळणारा पदार्थ आपणांस ईशान्येस क्षितिजापासून जेमतेम बारा अंशांवर दिसेल. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झांकते. यावरून तो किती ठेंगणा दिसेल हें ध्यानीं येईल. तोच चंद्रपूर जिल्ह्यावर पोंचला म्हणजे साडेतीन अंशांवर, प्रबळगड-माथेरानच्या रांगेस जवळजवळ टेकलेला !

आकाशांतून दगडही पडतात. नागपूर जिल्ह्यांत काटोलच्या परिसरांत २२ मे २०१२ रोजीं दुपारीं असे अशनी पडले, आणि लोणारचें सरोवर तर अशाच एका प्राचीन आघाताची खूण आहे. पण दगडाबद्दल कोणास जाब विचारतां येत नाहीं; भंगाराबद्दल येतो. १९७९ च्या जुलैंत अमेरिकेची ‘स्कायलॅब’ कोसळणार म्हणून आपल्या देशांत केवढी घबराट माजली होती, हें वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिचे तुकडे अखेर हिंदी महासागरांत व पश्चिम ऑस्ट्रेलियांत पडले. त्याआधीं जानेवारी १९७८ मध्यें रशियाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी बाळगणारा उपग्रह कॅनडांत पडला. किरणोत्सर्गी तुकडे वेंचण्याच्या खर्चापोटीं १९८१ सालीं सोव्हिएत सरकारनें तीस लक्ष कॅनेडियन डॉलर देण्याचें मान्य केलें. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानें, ज्या राष्ट्राचा पदार्थ पृथ्वीवर पडून नुकसान करील, त्यानें तें भरून द्यावें असें ठरविलें आहे. तेथें चूक कोणाची हें सिद्ध करण्याचीही गरज नाहीं.

तेव्हां अशी वस्तु सांपडल्यास ती घरीं आणूं नये, मुलांना हात लावूं देऊं नये. इंधनाच्या टाकींत हायड्राझिनसारखें विष उरलेलें असूं शकतें. पोलिसांना वर्दी द्यावी. आणि नुसता अग्निगोलच दिसला, तर घड्याळांतील वेळ, दिशा, उंची मुठीच्या मापानें व टिकल्याचे सेकंद एवढें टिपून ठेवावें. निरनिराळ्या गांवच्या अशा चार ओळी एकत्र आल्या कीं त्याची वाट काढतां येते. लाडबोरीचें कडें वस्तीवर न कोसळतां पडलें, तो योग होता. पुढील खेपेसही तोच योग येईल अशा भरंवशावर कोणत्याही राष्ट्रानें आपले निकामी अग्निबाण दुसऱ्याच्या माथ्यावर सोडून देऊं नयेत, एवढें म्हणण्याचा अधिकार लाडबोरीच्या शेतकऱ्यास आहे, आणि आपणांसही आहे.