लिनक्स संगणक व बाहेरची हार्डडिस्क

शाळेच्या संगणकावर लिनक्स प्रणाली असते. निकालपत्रके, हजेरीच्या नोंदी व मुलांची छायाचित्रे मात्र कित्येकदा बाहेरून जोडावयाच्या यूएसबी हार्डडिस्कवर साठविलेली असतात. एखादे दिवशी डिस्क जोडली, तिचा दिवाही लागला, परंतु पडद्यावर तिचे नाव दिसत नाही, असा प्रसंग येतो. डिस्क बिघडली असे समजून ती फॉरमॅट करण्याची घाई तेव्हा होते. ही घाई फार घातक होय. दोष कित्येकदा जोडणीत असतो व नोंदी डिस्कवर शाबूत असतात. फॉरमॅट केल्यावर मात्र त्या परत मिळण्याची शाश्वती राहत नाही.

प्रथम विजेकडे पाहावे. यूएसबी २ च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो, यूएसबी ३ च्या खाचेतून (ही बहुधा निळी असते) ९००. फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुरू होताना अधिक प्रवाह लागतो. तो न मिळाल्यास ती टकटक आवाज करून थांबते. मधला हब काढून आखूड केबलने डिस्क थेट जोडावी.

तेवढ्याने न भागल्यास टर्मिनलमध्ये ‘डी, एम, ई, एस, जी’ या अक्षरांची आज्ञा द्यावी. काही संगणकांवर तिच्यापूर्वी ‘सुडो’ लिहावे लागते. डिस्क जोडताच कर्नलने काय पाहिले ते येथे वाचावयास मिळते. डिस्कच्या पेटीत एक छोटी चिप दुभाष्याचे काम करते. तिच्याशी बोलण्यास कर्नलजवळ दोन ड्रायव्हर आहेत: जुना ‘यूएसबी-स्टोरेज’ व वेगवान ‘यूएएस’. काही चिपा ‘यूएएस’ येत असल्याचे सांगतात, पण प्रत्यक्षात अडखळतात. मग ‘यूएएस’ व ‘रीसेट’ हे शब्द ओळीमागून ओळ उमटू लागतात. अशा वेळी ‘एल, एस, यू, एस, बी’ या आज्ञेने डिस्कचा चार-चार अक्षरांचा जोडक्रमांक पाहावा. संगणक सुरू होतानाच्या कर्नलच्या ओळीत, ‘यूएसबी-स्टोरेज’च्या ‘क्वर्क्स’ या नोंदीत, तो क्रमांक, विसर्गचिन्ह व इंग्रजी ‘यू’ अक्षर घालावे. त्या डिस्कपुरता जुना ड्रायव्हर लागू होतो. वेग थोडा घटतो, पण नोंदी हाती येतात. ही ओळ जाणकारासमक्ष बदलणे बरे.

डिस्कचे नाव दिसते पण ती उघडत नाही, हा प्रकार निराळा. एक्सफॅटचा आजचा ड्रायव्हर २०२० मध्ये कर्नलमध्ये आला. त्याहून जुन्या प्रणालीत तो वेगळा बसवावा लागतो. एनटीएफएस डिस्क विंडोज संगणकातून नीट न काढता ओढली गेली असेल, तर लिनक्स ती उघडण्याचे नाकारू शकते. ती पुन्हा विंडोजला जोडून तपासून घ्यावी व रीतसर काढावी.