दोन स्क्रूंचा भरवसा

दोस्तांनो, मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणारे स्पर्धक तुम्ही पाहिलेत का? प्रत्यक्ष नाही तर निदान फोटोत? पुढच्या वेळी त्यांच्या चेहऱ्यांकडे नको, पायांकडे बघा. त्यांचा पाय पॅडलवर नुसता ठेवलेला नसतो, तो पॅडलला चक्क जोडलेला असतो! थांबायची वेळ आली की सायकलपटू टाच बाहेरच्या बाजूला वळवतो, 'खट्' असा आवाज होतो आणि पाय मोकळा.

ही सगळी करामत बुटाच्या तळव्यात असते. चवड्याच्या खाली धातूचा किंवा टणक प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा स्क्रूंनी बसवलेला असतो. त्याला म्हणतात क्लीट. पॅडलमध्ये स्प्रिंगचा जबडा असतो. क्लीट त्यात दाबली की अडकते आणि ठरावीक कोनात वळवली की सुटते. आता गंमत बघा, पाय असा अडकवणाऱ्या या पॅडलचं नाव काय, तर 'क्लिपलेस', म्हणजे क्लिप नसलेलं! कारण त्याआधी शर्यतवाले 'टो-क्लिप' वापरत. तो पिंजऱ्यासारखा असे आणि त्यावरून चामडी पट्टा आवळलेला असे. पाय सोडवायचा तर खाली वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. तो पिंजरा गेला, म्हणून हे क्लिपलेस.

ही युक्ती आली कुठून? बर्फावरून! फ्रान्समधली 'लुक' ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीसाठी बूट अडकवायचे खटके बनवत असे. खेळाडू पडला की खटका आपोआप सुटावा आणि पाय मोडू नये, ही त्यातली मुख्य गोष्ट. तीच कल्पना वापरून त्यांनी १९८४ मध्ये सायकलचं पॅडल बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार इनो याने ही पॅडल वापरून 'टूर द फ्रान्स' पाचव्यांदा जिंकली. तीही शर्यतीत पडून नाकाचं हाड मोडलेलं असताना! मग काय, बघता बघता चामडी पट्टे मागे पडले. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने 'एसपीडी' पॅडल आणली. तिची क्लीट लहान असते आणि बुटाच्या तळव्यातल्या खाचेत बसते, त्यामुळे ते बूट घालून बऱ्यापैकी चालताही येतं. आपल्याकडे नवशिके बहुधा याच बुटांपासून सुरुवात करतात.

थोडक्यात, अडकवण्यापेक्षा सुटण्याचं महत्त्व जास्त. आणि हे सुटणं कशावर अवलंबून असतं, ठाऊक आहे? एसपीडीच्या क्लीटला धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंवर! (रस्त्यावरच्या शर्यतीचे मोठ्या क्लीटचे बूट असतात, त्यांना तीन.)

ते कसं? दाराची गोल मूठ आठवा. तिचा स्क्रू सैल झाला की मूठ हातात गरागरा फिरते, पण कडी काही सरकत नाही. इथेही तेच होतं. पॅडलला तुमची टाच कळत नाही, त्याला कळते फक्त क्लीट. दोनपैकी एक स्क्रू गळून पडला तर टाच वळते, बूट वळतो, पण क्लीट उरलेल्या स्क्रूभोवती फिरते आणि जबड्यात तशीच बसून राहते. पाय सुटत नाही. समोर सिग्नल लाल, मागे बस, आणि सायकल एका बाजूला कलतेय... पुढचं सांगायला नकोच.

स्क्रू सैल का होतात? एक तर खडबडीत रस्त्याचे हादरे. दुसरं म्हणजे पाय सोडवताना दर वेळी क्लीटला बसणारा पीळ. शिवाय नव्या क्लीटच्या पाठीवरचे बारीक दात तळव्यात हळूहळू रुततात. ते रुतले की स्क्रूची पकड तेवढी ढिली पडते. म्हणून नवी क्लीट बसवल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा आवळावेच लागतात. हे काम बरेच जण विसरतात बरं का!

आवळण्यासाठी लागते चार मिलिमीटरची अ‍ॅलन की. आधी स्क्रूच्या डोक्यातली माती टाचणीने उकरून काढा. मातीमुळे की पूर्ण आत गेली नाही, तर डोक्याच्या कडा गुळगुळीत होतात आणि मग तो स्क्रू ना आवळता येत, ना काढता येत. पावसाळ्यात तर ही माती सिमेंटसारखी घट्ट बसते. नवीन स्क्रू लावताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, म्हणजे गंजून अडकणार नाही. एक स्क्रू पूर्ण पिळून मग दुसरा, असं करू नका. दोन्ही आलटून पालटून थोडे थोडे आवळा.

जोर किती लावायचा? शिमानो सांगते पाच ते सहा न्यूटन-मीटर. आठवीच्या मुलांनो, घाबरू नका! दहा सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला पाच-सहा किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. त्याहून जास्त ताकद दाखवली तर आटेच जायचे.

आता सोपी युक्ती. घट्ट आवळल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून क्लीटपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. (आईला विचारून!) सायकल काढण्यापूर्वी बूट उलटा करून बघायचं. रेघ तुटलेली दिसली म्हणजे स्क्रू फिरला. आणि एक खूण कायम लक्षात ठेवा. टाच रोजच्यापेक्षा जास्त वळवावी लागतेय असं वाटलं, की फेरी तिथेच थांबवायची. स्क्रू आवळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तरीही पाय अडकलाच तर? धडपडून ब्रेक दाबू नका. पॅडल हळूहळू मारत राहा, म्हणजे तोल जाणार नाही. दुसरा पाय आधी सोडवा. मागे बघून रस्त्याच्या डाव्या कडेला, शक्य असेल तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर जा आणि मोकळा पाय टेका. डावा पाय अडकला असेल तर उजवा टेकावा लागतो, म्हणजे शरीर वाहनांच्या बाजूला झुकतं. तेव्हा तर कठड्याला किंवा खांबाला धरूनच थांबलेलं बरं. मग पीळ देत बसू नका. बुटाचे पट्टे किंवा नाड्या सोडा आणि पाय बुटातून बाहेर काढा! बूट लोंबकळू दे पॅडलला. घरी गेल्यावर पॅडलच्या स्प्रिंगचा ताण कमी करून मोठ्या माणसाच्या मदतीने तो काढता येतो.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. मुलांचे पाय भराभर वाढतात, त्यामुळे असे बूट बरेचदा सेकंडहँड घेतले जातात. त्यात गैर काही नाही, पण जुनी क्लीट आणि गंजके स्क्रू तेवढे बदलून घ्या. दुकानात जाताना जुना स्क्रू नमुन्याला न्या. लांबी चुकून जास्त झाली तर स्क्रू तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि क्लीट मात्र हलतच राहते. सुरुवातीला स्प्रिंगचा ताण सगळ्यात कमी ठेवा आणि भिंतीला धरून पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव मैदानावर भरपूर होऊ द्या. शाळेत जाण्यायेण्यासाठी मात्र साधी पॅडलच हवीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. गर्दीत दर दहा पावलांवर पाय टेकावा लागतो, तिथे या बुटांचा उपयोग काय?

आणि हो, हे बूट घालून गुळगुळीत फरशीवर किंवा जिन्यावर चालू नका. धातूची क्लीट फरशीवर सपकन घसरते, आणि प्लॅस्टिकची क्लीट चालून चालून झिजते. मोठ्या क्लीटसाठी रबरी टोप्या मिळतात, सायकलवरून उतरलं की त्या चढवायच्या. दप्तरात चार मिलिमीटरची की आणि एक जादा स्क्रू ठेवला तर त्याचं वजन फारसं होणार नाही.