रंग दिला म्हणजे दुरुस्ती झाली काय?

रस्त्यावरचा दिवा बंद पडला, की नगरपालिकेची किंवा तिच्या कंत्राटदाराची एक गाडी येते. ट्रकवर बसवलेला लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला पिंपाएवढी बादली आणि बादलीत उभा असलेला एक माणूस. कुणी तिला शिडीची गाडी म्हणते, कुणी बकेटची गाडी. दिवा लागतो, लोक खूश होतात, नगरसेवक फोटो काढून घेतो. पण बादलीतला तो माणूस कोण होता, आणि ज्या यंत्राच्या भरवशावर तो तीस-चाळीस फूट वर गेला ते यंत्र शेवटचे कोणी आणि केव्हा तपासले होते, हे कोणी विचारत नाही.

माणूस कोण, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आयटीआयमधून वायरमनचा दाखला घेतलेला, कायम नोकरीची वाट पाहून थकलेला आणि शेवटी कंत्राटदाराकडे रोजंदारीवर लागलेला आपल्याच वस्त्यांतला मुलगा त्यात असतो. दिव्याच्या खांबावर, झाडाच्या फांद्या तोडायला, होर्डिंग चढवायला त्यालाच वर पाठवले जाते. "गाडी बरोबर वाटत नाही, मी चढत नाही," असे म्हणण्याची त्याची सोय नसते. तो नाही म्हणाला तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा. म्हणून अशा गाडीची दुरुस्ती हा केवळ गॅरेजवाल्याचा विषय राहत नाही.

नवी गाडी महाग पडते, त्यामुळे जुनीचे नूतनीकरण करण्याकडे कल असतो. त्यात गैर काही नाही. नीट दुरुस्त केलेली जुनी गाडी वर्षानुवर्षे सुरक्षित चालू शकते. गैर आहे ते 'नूतनीकरण' या शब्दाच्या आड चालणारे काम. काही वर्षांपूर्वी नुकसानभरपाईच्या एका दाव्यात अशा दुरुस्तीची बिले माझ्या हाती आली. हात उंचावर असताना बादली एकाएकी कलंडली आणि कामगार खाली पडला होता. त्याआधी चारच महिने गाडी 'संपूर्ण नूतनीकरण' होऊन आली होती. बिलात काय होते? रंगकाम, दोन टायर, बॅटरी, सीटकव्हर, दरवाजावर नाव लिहिण्याची मजुरी, ऑइल, दोन होज पाइप. बादली सरळ ठेवणाऱ्या साखळीचा उल्लेख नाही. पिना काढून पाहिल्याचा नाही. वजन ठेवून चाचणी घेतल्याचा तर नाहीच नाही. समोरच्या वकिलांचा युक्तिवाद असा, की कामगाराने बेल्ट लावला नव्हता. बेल्ट त्याला दिला होता, याची साधी पावती मात्र त्यांना दाखवता आली नाही.

ही साखळी काय काम करते ते समजून घेतले पाहिजे. हात वर-खाली झाला तरी बादली सरळ उभी राहावी, यासाठी हाताच्या आतून साखळ्या, तारदोर किंवा सळया नेलेल्या असतात. काही गाड्यांत हे काम हायड्रॉलिक सिलिंडर करतात. ही जुळणी बाहेरून दिसत नाही. ती तुटली की हात जागेवर राहतो आणि बादली उलटी होते. दुसरी जागा म्हणजे हाताच्या सांध्यातल्या पिना आणि त्यांचे बुश. झिजले की हात खडखडतो. ऑपरेटरला ते कळते, साहेबाला कळत नाही. तिसरी जागा टर्नटेबल. सगळा हात ज्या गोल चकतीवर फिरतो ती चकती बोल्टांनी ट्रकला धरून ठेवलेली असते. या बोल्टांच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात, ते त्यांच्या ताकदीचे माप आहे. एक बोल्ट तुटला आणि मिस्त्रीने बाजारातून त्याच जाडीचा साधा बोल्ट आणून बसवला, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. आणि बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळून भागत नाही. किती जोर द्यायचा ते उत्पादकाने ठरवलेले असते आणि त्यासाठी मोजमापाचा वेगळा पाना असतो.

हात वर धरून ठेवतो तो तेलाचा दाब. होज फुटला तर दाब जातो, मग हात कोसळत का नाही? कारण सिलिंडरलाच एक होल्डिंग व्हॉल्व्ह जोडलेला असतो, तो तेल आतच अडवतो. हा व्हॉल्व्ह खराब असेल तर नवा होज टाकून उपयोग शून्य. तो तपासणे अवघड नाही. बादलीत माणूस न ठेवता ठरलेले वजन ठेवावे, हात उचलावा, इंजिन बंद करावे आणि खूण करून पाहत राहावे. हात आपोआप खाली सरकू लागला, तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. या चाचणीला वाळूची पोती पुरतात. आपल्याकडे मात्र दुरुस्ती झाली की "चढ रे, बघू" म्हणून एखाद्या हेल्परलाच वर धाडले जाते. पोत्यांच्या जागी माणूस वापरायचा आणि त्याला ट्रायल म्हणायचे!

आता रंगाविषयी. लोखंडात तडा जातो तो बहुधा जोडाच्या कडेला, वेल्डिंगशेजारी. सुरुवातीला तो केसाएवढा असतो. त्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात दिले की तो दिसेनासा होतो. म्हणून नियम उलटा हवा. आधी जुना रंग खरवडा, मग तपासा, मग रंग द्या. तपासणीची एक पद्धत अगदी साधी आहे. स्वच्छ केलेल्या धातूवर लाल द्रव लावतात, थोड्या वेळाने पुसून वर पांढरा लेप फवारतात. तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग रेघेसारखा वर येतो. पिनांच्या आतील दोषासाठी अल्ट्रासॉनिक तपासणी असते. हे काही चंद्रावरचे तंत्रज्ञान नव्हे. कारखान्यांतून रोज वापरले जाते.

तडा सापडल्यावर तरी काय होते? नाक्यावरच्या वेल्डरला बोलावून टाका मारला जातो. त्या वेल्डरच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण या हाताचे पोलाद आणि खिडकीच्या गजाचे लोखंड एक नव्हे. चुकीच्या रॉडने, चुकीच्या उष्णतेने मारलेला टाका शेजारची जागा ठिसूळ करतो आणि पुढचा तडा तिथूनच जातो. वेल्डिंग करायचे तर उत्पादकाच्या पद्धतीने, परीक्षा दिलेल्या वेल्डरकडून, आणि नंतर पुन्हा तपासणी करून.

विजेच्या तारांजवळ चालणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट येते. तिच्या हाताचा वरचा भाग फायबरग्लासचा असतो, तो वीज अडवतो. दिव्यांसाठी फिरणाऱ्या कित्येक गाड्यांचा हात मात्र नखशिखांत लोखंडी असतो. तिला लाइनवर नेणे म्हणजे माणसाला मृत्यूच्या तोंडी देणे. दोन्ही गाड्यांना एकच पिवळा रंग दिला, तर लांबून ओळखणार कोण? फायबरच्या भागातून जाणारे होजही वीज न वाहणारे असावे लागतात. दुरुस्तीत तिथे तारेची जाळी असलेला साधा होज बसवला, की इन्सुलेशनला वळसा घालून विजेला वाट मोकळी होते. गाडी पूर्वीसारखीच चालते. दोष कळतो तो तारेला स्पर्श झाल्यावरच. म्हणूनच अशा हाताची उच्च दाबाची विद्युत चाचणी दर वर्षी आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर व्हायला हवी.

दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचा जीवही याच यंत्राखाली असतो, हे आपण विसरतो. हात वर असताना खाली भक्कम आधार न लावता होल्डिंग व्हॉल्व्ह सैल केला, तर हात त्याच्याच अंगावर येतो. दाबाखालचे तेल सुईएवढ्या छिद्रातून उडते आणि कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात कापावा लागू शकतो. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. आणि तेल शिरले तर दुखत नसले तरी त्याच तासाला इस्पितळ गाठावे.

कायदा काय म्हणतो? १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ने कारखान्यातल्या क्रेनची किमान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करण्याची सक्ती केली होती. पण ती कारखान्याच्या आवारात. तेवढ्याच धोक्याचे यंत्र रस्त्यावर उभे राहिले, की कारखान्याची व्याख्या संपली. आरटीओचे फिटनेस प्रमाणपत्र दाखवून अधिकारी मोकळे होतात. ते प्रमाणपत्र गाडी रस्त्यावर धावायला लायक आहे एवढेच सांगते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे पाहते. वरच्या हातातल्या पिनेचे ते प्रमाणपत्र नव्हे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाहनांची नोंदणी संपुष्टात आली आहे. धोरण चांगले आहे, पण त्यातून जुना हात काढून नव्या चेसीवर चढवण्याचा मोह वाढतो. ट्रक नवा, कागद नवा, हात मात्र वीस वर्षांचा!

अमेरिकेतल्या 'ओशा' या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या नियमात याची उत्तरे जुनीच आहेत. मूळ हेतूबाहेरच्या वापरासाठी यंत्रात फेरफार करायचा, तर उत्पादकाचे किंवा तितक्याच अधिकाराच्या चाचणी संस्थेचे लेखी प्रमाणपत्र लागते. इन्सुलेटेड भागात इन्सुलेशन घटेल असा कोणताही बदल चालत नाही. नियंत्रणे दररोज वापरापूर्वी तपासायची आणि कामगाराचा पट्टा बादलीला किंवा हातालाच अडकवायचा, शेजारच्या खांबाला नव्हे. आपल्या निविदेत ही चार वाक्ये घालायला संसदेची परवानगी लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे चार श्रम संहिता लागू झाल्या. कामगारांचे कोणते हक्क त्यांनी कापले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण त्यांतल्या सुरक्षा संहितेच्या कलम ६ने, इजा होईल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे, हे शस्त्र आपण वापरले पाहिजे. "कामगार कंत्राटदाराचा, आमचा संबंध नाही," हे उत्तरही टिकणारे नाही. भरपाईची जबाबदारी मुख्य मालकावर टाकता येते, हे तत्त्व १९२३च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अपघातानंतर पोलीस बहुधा ऑपरेटरला उचलतात. दुरुस्तीच्या बिलावर सही करणारा अभियंता आणि न झालेल्या कामाचे पैसे घेणारा ठेकेदार यांची नावे फिर्यादीत यावीत, यासाठी नातेवाईकांसोबत पहिल्याच दिवशी कोणीतरी जाणता माणूस ठाण्यात असला पाहिजे.

अपघाताची वाट पाहण्याचेही कारण नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या पालिकेकडे अशा किती गाड्या आहेत, प्रत्येकीचा हात कोणत्या वर्षाचा आहे आणि इन्सुलेटेड आहे की नाही, मागील तीन वर्षांतील दुरुस्तीची बिले, भार चाचणी व विद्युत चाचणीचे अहवाल, तपासणाऱ्याचे नाव व पात्रता, कंत्राटी कामगारांना दिलेल्या पट्ट्यांच्या पावत्या, एवढे मागावे. माणसाच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याचे बंधन कलम ७(१)मध्ये आहे, त्याचा उल्लेख अर्जातच करावा. "अहवाल उपलब्ध नाही" असे उत्तर आले तर ते फेकू नका. त्याची एक प्रत आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना नोंदणीकृत टपालाने पाठवा, पोहोच जपून ठेवा आणि दुसरी प्रत त्या गाडीवर काम करणाऱ्या मुलांच्या हातात द्या.