शेवटच्या आकड्याचा भरवसा

‘डिजिटल कॅलिपर घेतला की जाडी शंभरांश मिलिमीटरपर्यंत बिनचूक कळते,’ ही वर्कशॉपमधली सर्वांत पक्की समजूत. पडद्यावर ०.०१ मिमीचा फरक दिसतो, पण ते झालं लीस्ट काउंट. माप किती चुकू शकतं, तो आकडा वेगळा असतो आणि चांगल्या बनावटीच्या १५० मिमी कॅलिपरलाही तो साधारण ±०.०२ मिमी असतो. १८ गेजच्या पत्र्याला पडद्यावर १.२२ आलं, तर पत्रा १.२० ते १.२४ मधला कितीही असू शकतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स ±०.०१ असेल तर अशा कॅलिपरवर जॉब पास करणं म्हणजे निव्वळ जुगार. घेताना दुकानदाराला हा दुसरा आकडा विचारावा. त्याला सांगता आला नाही, तर दुकान बदलावं.

‘जरा दाबून धरलं की माप पक्कं येतं,’ हे तर उलटंच आहे. कॅलिपरची पट्टी वर आणि जॉब खाली जबड्यांत, दोन्ही एका रेषेत नसतात. जोर लावला की स्लायडर किंचित कलतो, जबड्याचं टोक मागे राहतं आणि जाडी खऱ्यापेक्षा कमी दिसते. मोजपट्टी मोजायच्या रेषेतच असावी, हे तत्त्व अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडलं. मायक्रोमीटर ते पाळतो, शिवाय त्याला दाब सारखा ठेवणारं रॅचेट असतं. म्हणून रोज पत्रा, शिम, वॉशरच मोजायचे असतील तर महागड्या कॅलिपरऐवजी ०-२५ चा मायक्रोमीटर घ्यावा. कॅलिपरच वापरायचा तर जॉब पट्टीच्या जितका जवळ धराल तितकं बरं.

शिअरिंगवर कापलेल्या पत्र्याच्या कडेला बर असतो. तिथेच कॅलिपर लावून ‘पत्रा जाड आलाय’ म्हणून पुरवठादाराशी भांडणारेही आहेत. कड आधी कानशीने साफ करावी. पाइपच्या भिंतीला सपाट जबडा आतून दोन कडांवर टेकतो आणि जाडी वाढीव दाखवतो. तिथे गोल अॅन्व्हिलचा मायक्रोमीटरच हवा.

साधा व्हर्निअर जुनाट, म्हणून कमी अचूक? तसंही नाही. ४९ मिमीचे ५० भाग केले की ०.०२ मिमी वाचता येतं, आणि सेलची भानगड नाही. उलट कूलंट उडणाऱ्या मशीनवर साध्या डिजिटलचे आकडे नाचायला लागतात. तिथे आयपी६७ दर्जाचाच घ्यावा.

राहिला शून्याचा प्रश्न. जबडे मिटून बटण दाबलं की झालं, असं वाटतं. पण जबडे कुठेतरी झिजले असले तरी न झिजलेला भाग टेकतो आणि शून्य येतंच. जबडे पुसून मिटावेत आणि उजेडासमोर धरावेत. फट असेल तिथून प्रकाशाची रेघ दिसते. मग एकच स्लिप गेज एकदा टोकाला, एकदा मुळाशी मोजावा. दोन आकड्यांत ०.०२ पेक्षा जास्त फरक पडला तर तो कॅलिपर वेल्डिंग खात्याला द्यावा आणि टूलरूमसाठी नवा मागवावा.