घरातला फिश टँक – भाग ७ : फिल्टर बदला, जिवाणू राखा

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया कसा तयार होतो, हे मागच्या भागात पाहिले. तो निस्तरणाऱ्या जिवाणूंचे मुख्य घर म्हणजे फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंग. काचेवर, खडीत, झाडांच्या पानांवरही ते असतात. पण प्राणवायू असलेले वाहते पाणी चोवीस तास जिथे मिळते, तिथे त्यांची वस्ती सर्वांत दाट. पाण्यात सुटे फिरणारे फारच थोडे. म्हणून टँकमधले थोडे पाणी बदलले तर त्यांचे काही बिघडत नाही. सगळा स्पंज एकदम बदलला की बिघडते.

हे जिवाणू वाढतात फार सावकाश. अन्न नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. यांना त्यासाठी बरेच तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. दोन्ही कामे एकट्याने करणारा नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये उजेडात आला, आणि त्याचा एक नमुना मिळाला तो मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्येच.

गोव्यात हा विषय चतुर्थीच्या आधी सांगायलाच हवा. पेडणे असो की डिचोली, चवथीपूर्वी घराची झाडलोट निघते आणि त्या ओघात टँकही उपसला जातो. काच घासली, खडी धुतली, पाणी सगळे नवे, स्पंज नळाखाली चोळचोळून धुतला किंवा दुकानातून नवा आणला. टँक लखलखीत दिसतो. मग घर पाहुण्यांनी भरते, मुले कौतुकाने चिमूट-चिमूट खाद्य टाकत राहतात, आणि ऐन सणात मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मासा आजारी होता, असे मग म्हटले जाते. तो आजारी नव्हता. त्याच्या पाण्यातला अमोनिया निस्तरणारे कोणी उरले नव्हते.

पेडण्याला चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी येते, साखळी परिसराला पडोसेच्या. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आपल्याला रोगजंतूंपासून वाचवणारा हाच क्लोरीन स्पंजमधल्या जिवाणूंनाही मारतो. म्हणून पाणी बदलायच्या दिवशी टँकमधलेच पाणी बादलीत काढा आणि स्पंज त्यात दोन-तीनदा दाबा. पाणी चहासारखे तपकिरी होईल, तेवढे पुरे. स्पंज पुन्हा नव्यासारखा पिवळा किंवा निळा दिसेपर्यंत पिळू नका. रिंग तर नुसत्या हलवून काढाव्यात. नाकाची मदत घ्या: निरोगी मीडियाला, म्हणजे फिल्टरमधल्या स्पंज-रिंगना, ओल्या मातीचा वास येतो, सडलेल्या अंड्याचा नाही.

स्पंज फाटला, लोळागोळा झाला तर बदलावा लागतोच. अशा वेळी नवा स्पंज जुन्याच्या शेजारी फिल्टरमध्ये ठेवा. जागा नसेल तर टँकमध्येच, पाण्याच्या धारेजवळ. विरजण लागावे तशी जुन्यातली वस्ती नव्यात उतरते, फक्त एका रात्रीत नव्हे. चार ते सहा आठवडे थांबून मगच जुना काढा. रिंग एका वेळी तिसरा हिस्साच बदला आणि पुढच्या हिश्श्याला महिनाभर हात लावू नका. खरे तर चांगल्या रिंग वर्षानुवर्षे चालतात; त्या दर काही महिन्यांनी बदला, असे पाकिटावर छापलेले असले तरी माझ्या मते मानू नये. पांढरा कापूस आणि कोळसा मात्र खुशाल बदला, पण स्पंज धुतला त्याच दिवशी नाही.

विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांना क्लोरीनची चिंता नाही, दुसरी आहे. आपल्या जांभ्याच्या जमिनीतले पाणी बहुधा मऊ आणि आम्लाकडे झुकणारे असते. जिवाणू आपले काम करताना पाण्यातली अल्कधर्मिता खर्च करतात, पीएच आणखी उतरतो आणि शेवटी त्यांचेच काम मंदावते. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांश अमोनियमच्या रूपात, म्हणजे कमी विषारी असतो, त्यामुळे मासे ठीक दिसतात. अशा टँकमध्ये जास्त पीएचचे पाणी एकदम ओतले, तर साचलेला तोच अमोनिया विषारी होतो. पीएच एका अंकाने चढला, की विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणून पाणी एका वेळी चौथा हिस्साच बदला.

पावसाळ्यात झाड पडून तासन्‌तास वीज गेली, की बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधला प्राणवायू संपतो. वीज आल्यावर तो तसाच चालू करू नका. आतले पाणी ओतून द्या, मीडिया टँकच्या पाण्यात हलवून घ्या, मगच सुरू करा. बॅटरीवरचा एअर पंप आणि एक साधा स्पंज फिल्टर जोडीला असेल तर निम्मी काळजी मिटते.

इतके करूनही मासे वर आले, तर खाद्य बंद करा, अँटी-क्लोरीन घातलेल्या पाण्याने चौथा हिस्सा बदला, हवेचा पंप वाढवा आणि अमोनिया-नायट्राइट तपासा. या तपासणीचे संच कसे वापरायचे आणि रंग कसे वाचायचे, ते पुढच्या भागात. तोवर फिल्टर उघडू नका.