लग्नाचा वाढदिवस : एक संध्याकाळ दोघांची

लग्नाला पंधरा-वीस वर्षे झाली की पती-पत्नींमधील बोलणे थांबत नाही; त्याचे विषय मात्र आक्रसत जातात. मुलांची फी, गृहकर्जाचा हप्ता, सासूबाईंची औषधे आणि उद्याचा डबा यांतच दिवस संपतो. लग्नाचा वाढदिवसही मग ठरलेले हॉटेल आणि ठरलेली भेटवस्तू एवढ्यावर उरकला जातो. येथे उणीव प्रेमाची नसते, नावीन्याची असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे. काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून, हातांचा वापर न करता एक लोड ढकलत नेण्याचा सात मिनिटांचा गमतीदार खेळ त्यांना दिला गेला. इतरांना साधे, कंटाळवाणे काम मिळाले. खेळ खेळलेल्या जोडप्यांचे परस्परांविषयीचे समाधान अधिक वाढलेले दिसले. नवे काही एकत्र करताना आपण जोडीदाराकडेही नव्याने पाहतो, हा त्याचा आशय.

म्हणून संध्याकाळ आखताना ‘कोठे जेवावे’ यापेक्षा ‘दोघांनीही न केलेले काय करावे’ हा प्रश्न आधी विचारावा. पुण्यात जन्म काढूनही पर्वतीवरून सूर्यास्त न पाहिलेली दांपत्ये असतील. मुंबईकरांना मरीन ड्राइव्ह रोज गाडीतून दिसतो. तेथे कठड्यावर तासभर निवांत बसणे ही निराळीच गोष्ट. नाटकाचा प्रयोगही उत्तम, कारण परतीच्या वाटेवर बोलायला घराबाहेरचा विषय मिळतो. वेळेचे भान मात्र ठेवावे. मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य सातनंतर मावळतो, तर डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारास. हिवाळ्यात लग्न झालेल्यांनी त्या दिवशी कचेरीतून लवकर निघण्याची सोय आधीच करावी.

घरच्यांना वगळून दोघांनीच बाहेर जाणे अनेकांना अवघड वाटते. यावर आपल्या पंचांगातच तोड आहे. लग्नाची तिथी आणि तारीख बहुतेक वर्षी वेगवेगळ्या दिवशी येतात. साधारण १९ वर्षांनी त्यांचा पुन्हा मेळ बसतो. तेव्हा तिथीचा दिवस पुरणपोळीसह साऱ्या कुटुंबाचा, आणि तारखेची संध्याकाळ दोघांची, अशी वाटणी कोणालाही न दुखावता करता येते. घरी वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर सोबतीला कोण थांबणार हे आठवडाभर आधी ठरवावे. अन्यथा निम्मे लक्ष घरीच राहते.

आणखी एक मुद्दा तयारीचा. पुष्कळ घरांत आरक्षणापासून मुलांच्या जेवणापर्यंत सारे पत्नीच पाहते, आणि स्वतःच्याच समारंभाची ती व्यवस्थापक होऊन बसते. एका वर्षी एकाने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने आखणी करावी. त्यामुळे एकाला विसावा मिळतो आणि दुसऱ्याला जोडीदाराची आवड आठवून पाहावी लागते.

त्या संध्याकाळी मोबाइल बंद ठेवावा. घरखर्चाचा विषय निघाल्यास तो हसून उद्यावर ढकलावा. मधेच शांतता पसरली तर घाबरू नये. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर न बोलताही जवळ बसता येणे, ही त्या संसाराचीच कमाई असते.